नानांचा डावा बांध

आमच्या घरात दुपारी कोणी मोठ्यानं बोलत नसे. मखमलाबादच्या पुढे, पाटाच्या अलीकडे आमचं फुलांचं रान होतं आणि रानातच पत्र्याचं घर. उजाडायच्या आत आई आणि नाना झेंडू खुडायला लागायचे. शेवंतीचे दिवस असले तर शेवंती, आणि विहिरीच्या कडेला थोडे गुलाबाचे वाफे. ऊन चढायच्या आत नानांची मोपेड दोन्ही बाजूंना टोपल्या बांधून शहरात गंगेवरच्या, म्हणजे आमच्याकडच्या नदीकाठच्या, फूलबाजारात पोचलेली असायची, आणि परत येताना हँडलला भेळभत्त्याची पुडी लटकलेली असायची. मग बाजरीची भाकरी, कढी नाहीतर भरीत, बुक्कीनं फोडलेला कांदा, आणि जेवणं झाली की घर निपचित पडायचं. पत्रा तापून मधूनच कडकन वाजायचा, वीज असली तर विहिरीवरची मोटार घुमत राहायची, आणि आई भिंतीला टेकून उरलेल्या फुलांचे हार ओवत बसायची. नानांची बोटं झेंडू खुडून खुडून काळपट हिरवी झाली होती. कितीही साबण लावला तरी तो रंग जात नसे, आणि आई त्यावरून रोज बोलायची.

नाना, म्हणजे माझे वडील, मूळचे कबड्डीचे. फुलं पोटापुरती, जीव सगळा मैदानावर, असं आई म्हणायची आणि म्हणताना नाक मुरडायची. त्यांच्या तरुणपणी आमच्या वस्तीच्या संघाला घोटीपासून नामपूरपर्यंत बोलावणी येत. मला आठवतात ते खेळणारे नाना नव्हेत, शिकवणारे. संध्याकाळी मारुतीच्या देवळामागच्या मैदानावर, गळ्यात शिट्टी, चड्डी गुडघ्यापर्यंत आणि आवाज पाटापलीकडे. ते चढाई करणारे, आणि त्यांचं नाव झालं ते हुलकावणीमुळे. डाव्या कोपऱ्याकडे असे झेपावायचे की समोरची अख्खी साखळी तिकडे सरकायची, आणि त्याच दमात ते उजवीकडच्याला शिवून मध्यरेषेवर परत. एकाच बाजूला लागोपाठ दोन चढाया करणाऱ्या पोराला ते मैदानाला फेऱ्या मारायला लावत. "पहिल्यांदा तू त्याला फसवलं," ते म्हणायचे, "दुसऱ्यांदा तू त्याला शिकवलं." मी मुलगी म्हणून मला मैदानावर सोडलं नाही, पण कुंपणावर बसून मी हे सगळं ऐकत मोठी झाले.

त्यांचा आणखी एक नियम होता आणि त्या नियमापायी संघाची एक ढाल गेली होती. विंचूरला शेवटचा सामना चालू असताना समोरच्या संघातल्या कोपऱ्यावरच्या गड्याचा गुडघा गेला. बदली गडी त्यांच्याकडे उरला नव्हता, म्हणून तो तसाच लंगडत उभा राहिला. नाना त्यानंतर त्या बाजूला फिरकलेच नाहीत. संघातले ओरडत राहिले, लोक हसले, सामना हातचा गेला. संपल्यावर नाना त्या गड्याच्या पाठीवर हात ठेवून त्याच्या संघातल्यांना सांगत होते की याला हसू नका, नीट घरी पोचवा. हे मला दामूकाकांनी सांगितलं. दामूकाका नानांच्या संघातले, पकडीचे उस्ताद, आणि आमच्या रानाला लागूनच त्यांचं रान. ढालीचा विषय निघाला की ते अजून कपाळावर हात मारून घ्यायचे. नाना फक्त म्हणायचे, "आजारी गड्याच्या अंगावर जायचं नसतं," आणि विषय बदलायचे.

मी कॉलेज रोडला कंप्युटरचा डिप्लोमा करायला लागले तेव्हा नानांनी कोणाकोणाचं ऐकून घरी कंप्युटर आणला. आईनं त्याला हळदकुंकू वाहिलं आणि जुन्या साडीचं झाकण शिवलं. पुढच्या उन्हाळ्यात माझ्या आत्याचा सुहास अमेरिकेहून सुट्टीवर आला. तिकडे जाऊन त्याचं पोट सुटलं होतं आणि मराठी थोडं अडखळत होतं. माझ्यासाठी म्हणून त्यानं एक सीडी आणली होती, तिकडच्या फुटबॉलच्या खेळाची. नाना कौतुकानं खुर्ची ओढून बसले आणि पहिल्याच मिनिटाला त्यांचा भ्रमनिरास झाला. फुटबॉल म्हणतोस आणि चेंडू हातात घेऊन पळतायत, हे कसं, असं त्यांनी सुहासला विचारलं. सुहासनं जमेल तसं समजावलं. चेंडू ज्याच्याकडे त्याला चार संधी, तेवढ्यात दहा यार्ड पुढे सरकायचं, सरकलं तर पुन्हा चार संधी, नाहीतर चेंडू समोरच्याला. प्रत्येक वेळी खेळ थांबतो, दोन्ही बाजू आपापली चाल ठरवतात आणि मग भिडतात. नाना भेळभत्ता खाता खाता ऐकत होते. शेवटी तोंड पुसून म्हणाले, "म्हंजे चढाई हाय ही. हे चढाई करणारे, ते पकड करणारे. दम तेवढा धरायचा नाय, अन् डोक्यात भांडं घातलंय."

सुहास गेला आणि खेळ राहिला. दुपारी अभ्यास सोडून मी तो लावायची आणि नानांची खुर्ची हळूहळू माझ्या खुर्चीला येऊन चिकटली. लवकरच आमची वाटणी ठरली. चाल निवडायची नानांनी, बटणं दाबायची मी. चालींची नावं इंग्रजीत होती, नानांना ती वाचायचा कंटाळा, पण प्रत्येक नावाखाली गोल, फुल्या आणि बाणांचं चित्र असायचं ते त्यांना माझ्याआधी कळलं. त्यांनी त्या चालींना आमच्या रानातली नावं दिली. मधून घुसायची चाल म्हणजे 'मधली सरी'. कडेकडेनं पळायचं ते 'उजवा बांध' नाहीतर 'डावा बांध'. लांब फेक म्हणजे 'पाटापलीकडं'. पडद्यावर बोट टेकवून ते चाल दाखवत, आणि संध्याकाळपर्यंत काचेवर त्यांच्या बोटांचे हिरवट ठसे उमटलेले असत. आई ते पदरानं पुसायची आणि या वयात हे काय पोरखेळ म्हणायची, पण आमच्याकडे पाठ करून कधी बसली नाही.

समोर खेळणारा कंप्युटर शिकतो, हे ओळखलं नानांनी. एका दुपारी आम्ही मधल्या सरीतून घुसत होतो आणि मजा चालली होती. मग एकाएकी जमेना. चेंडू हातात आला की त्याची माणसं मध्यावर गोळा झालेली. मी म्हटलं नशीब. नाना खुर्चीत ताठ झाले. "नशीब नाय. हा बघतोय आपल्याला." त्यानंतर महिना-दोन महिने त्यांनी त्याचा असा अभ्यास केला की मी माझ्या डिप्लोमाचा कधी केला नाही. एखादी चाल पहिल्यांदा केली की तो फसायचा. लगेच तीच केली की त्याची माणसं त्या अंगाला झुकून उभी राहायची. तिसऱ्यांदा गेलात तर तो तिथे मांडी घालून बसल्यासारखाच. मात्र मध्ये दुसरं काही केलं की त्याचं पहिलं सुटायचं, आणि नवा सामना लावला की पाटी कोरी. नानांना हे फार आवडलं. कालच्या हरण्याचा राग आज घेऊन येत नाही, गडी मनाचा साफ आहे, असं ते म्हणाले. तेव्हापासून ते त्याला 'गडी'च म्हणू लागले. पण त्याची खोटही त्यांना दिसली होती. तो शिकायचा, स्वतः कधी हुलकावणी द्यायचा नाही. "शिकता येतं याला, फसवता येत नाय," नाना म्हणाले. "लय भोळा हाय."

मग काय, नानांच्या हाती कोलीतच मिळालं. डावा बांध, पुन्हा डावा बांध, थोडं मिळायचं, थोडं हुकायचं, आणि गड्याची सगळी माणसं डावीकडे जमली की नाना माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणायचे, "पाटापलीकडं." चेंडू रिकाम्या उजव्या अंगानं उडत जायचा, आमचा माणूस तो झेलून शेवटच्या रेषेपार, आणि नाना मांडीवर अशी थाप मारायचे की आईची सुई चुकायची. मधली पायरी सोडून आम्ही अवघडवर गेलो, मग त्याहून अवघडवर. दामूकाका तंबाखूची डबी घेऊन उंबऱ्यावर बसायला येऊ लागले. त्यांना खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण नानांना पुन्हा कोणाच्या तरी हातावर तुरी देताना बघायला मिळत होतं. त्या दुपारी मला अजून हव्या आहेत. आयुष्यात पुढे बरंच काही मिळालं, नोकरी, घर, माणसं, पण त्या तापल्या पत्र्याखाली नानांच्या शेजारी बसून मी जितकी सुखात होते तितकी पुन्हा झाले नाही.

हे बिघडलं ते कधी, सांगता येत नाही. दसरा-दिवाळीची झेंडूची धावपळ संपली आणि थंडी पडायला लागली तेव्हाच्या सुमाराला नानांचं बोट पडद्यावर एकाच चित्राकडे जाऊ लागलं. डावा बांध. पुन्हा डावा बांध. आणि पुन्हा. गड्याची माणसं डावीकडे भिंतीसारखी उभी, आमचा पळणारा त्यांच्याखाली गाडला जायचा, आणि नाना नवलानं म्हणायचे, "अरे, याला कसं कळलं?" मला हसू यायचं. मी काही बोलणार तोच दामूकाकांनी उंबऱ्यावरून डोळा मारला. मागून पाणी प्यायला म्हणून आत आले आणि मला बजावून गेले, "बोलू नको काय. हुलकावणी हाय ती. लय लांबची लावलीय त्यानं." नामपूरच्या एका सामन्यात नानांनी सगळा पहिला डाव एका बाजूला वाया घालवून दुसऱ्या डावात असा घास घेतला होता की समोरचा संघ वर्षभर ते विसरला नाही, हे त्यांनी मला त्या आठवड्यात कितीदा तरी ऐकवलं. मलाही पटलं. आम्ही वाट बघू लागलो. आज फिरवणार, असं दामूकाका मला खुणेनं सांगायचे. नाना फिरवत नसत. दुसऱ्या दिवशी आम्ही नव्या उमेदीनं बसायचो. दुसऱ्या कुठल्याही घरात माणूस तेच तेच करतोय म्हटल्यावर कोणाच्या तरी मनात पाल चुकचुकली असती. आमच्या घरात नानांच्या हातून तेच तेच होतंय याचा एकच अर्थ होता, की ते काहीतरी भारी शिजवतायत. अख्खा हिवाळा आम्ही त्या हुलकावणीच्या शेवटाची वाट बघत काढला.

आईला मात्र रानात काहीतरी दिसत होतं आणि ती ते कोणाला सांगत नव्हती. नानांनी गुलाबाला पाणी दिलं, मोटार बंद केली, घरी येऊन चहा घेतला आणि जाऊन पुन्हा गुलाबालाच पाणी दिलं. गुलाबाचे वाफे तुडुंब, आणि पलीकडे शेवंती माना टाकून उभी. आईनं विचारलं तर नाना म्हणाले, दिलं ना शेवंतीला, मघाशीच दिलं. एकदा बाजारातून आले ते एक टोपली भरलेलीच घेऊन, आणि ती फुलं कोणाची असं त्यांनीच आईला विचारलं. वय झालं, ऊन लागलं, झोप पुरी होत नाही, अशी कारणं आई मनाशीच जुळवत होती.

मग ती दुपार आली. दामूकाका उंबऱ्यावर तंबाखू मळत होते, आई हार ओवत होती. डावा बांध झाला, पुन्हा डावा बांध झाला, आमचा माणूस गाडला गेला, आणि नाना म्हणाले, "अरे, याला कसं कळलं?" मला राहवलं नाही. मी लाडीगोडीनं म्हटलं की नाना, आता फिरवाच, त्याची झाडून सगळी माणसं डावीकडे आली आहेत, उजवीकडे शुकशुकाट आहे, टाका पाटापलीकडं. नानांनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"सगळे डावीकडं का गं आलेत?"

"आपण मघापासून तिकडंच जातोय ना, नाना."

"मघापासून?" ते म्हणाले. "आपण तर आत्ताच बसलो."

नानांचा हुलकावणी देतानाचा चेहरा मी लहानपणापासून ओळखत होते. उजवी भुवई जराशी वर जायची आणि जिभेचं टोक दातात यायचं. मी त्या चेहऱ्यावर ती भुवई शोधली. दामूकाकांनीही शोधली असावी, कारण ते अर्धवट उठून आत वाकून बघत होते. चेहरा स्वच्छ होता. त्यात काहीच लपवलेलं नव्हतं. दामूकाकांनी हातातला तंबाखू तसाच अंगणात टाकला आणि ते बांधाबांधानं त्यांच्या रानाकडे चालू लागले. मग आई सुईकडे बघतच म्हणाली, "शेवंतीचं पण असंच झालंय," आणि इतके दिवस मनात ठेवलेलं तिनं तिथेच, नानांच्या समोर, एकेक करून सांगितलं. नाना दुसऱ्या कोणाबद्दल ऐकावं तसं लक्ष देऊन ऐकत होते.

त्यावर मी नंतर पुष्कळ विचार केला आहे. आम्ही नानांवर जीव टाकत होतो, त्यांची कीर्ती आम्हाला पाठ होती, म्हणून आम्हाला हुलकावणी दिसली. त्या गड्याला कीर्ती ठाऊक नव्हती. समोर येईल तेवढं तो बघायचा, आणि थंडीच्या सुरुवातीपासून प्रत्येक सामन्यात तो नव्यानं ओळखत होता की हा माणूस आता डावीकडेच येणार. माझा मुलगा मला सांगतो की हल्लीचे खेळ काय काय शिकतात, किती लक्षात ठेवतात, त्यापुढे तुझा तो गडी म्हणजे अगदी बाळबोध. असेल. पण आम्हाला जे महिनोन्महिने दिसलं नाही ते त्या बाळबोधाला दिसलं होतं, आणि तो ते आम्हाला रोज दुपारी दाखवत होता.

शहरातल्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या, नानांना घड्याळाचं चित्र काढायला लावलं, आणि ते काढतात तोवर आमच्याकडे बघायचं टाळलं. हे विसरणं हळूहळू वाढत जाईल, थांबवता येणार नाही, एवढाच त्यांच्या बोलण्याचा अर्थ होता. परतीच्या रिक्षात नाना आईला विचारत राहिले की फुलं गेली का, आणि आई प्रत्येक वेळी पहिल्यांदाच विचारल्यासारखं सांगत राहिली की गेली, सगळी गेली.

दुपारची खुर्ची मात्र त्यांनी सोडली नाही. इतर पुष्कळ सुटलं, मोपेड सुटली, बाजार सुटला, शिट्टी खुंटीला गेली, पण जेवण झालं की ते येऊन बसायचे आणि मला हाक मारायचे. आणि हरायचे. हरणं त्यांच्या लक्षात राहत नसे, पण हरल्याचं दुःख कुठेतरी आत साचून राही. संध्याकाळी ताटावर बसले की घास गिळवत नसे आणि का गिळवत नाही हे त्यांना सांगता येत नसे. एकदा ते टेबलावर हात आपटून ओरडले की हा चोरून बघतोय माझं. नानांना खेळात कोणावर चिडताना मी तोवर पाहिलं नव्हतं. त्या दिवशी चुलीपुढे आईनं मला हळूच विचारलं, "वैशू, त्या तुमच्या गड्याला जरा नमतं घ्यायला नाही का गं सांगता येत?" मी सांगितलं की येतं. सगळ्यांत सोपी पायरी लावली की तो फारसं शिकतच नाही, कितीही वेळा एकीकडनं गेलं तरी जिथल्या तिथे उभा राहतो. आई म्हणाली, मग तसं कर बाई.

तसं केलं. दुसऱ्या दिवशी नानांचं बोट डाव्या बांधावर टेकलं, मी बटण दाबलं, आणि आमचा माणूस कोणी आडवा न येता मैदानाच्या शेवटापर्यंत पळत गेला. कंप्युटरमधले हजारो लोक ओरडले. नानांनी मांडीवर थाप मारली, तशीच, पूर्वीसारखी. मग पुन्हा डावा बांध, पुन्हा थाप. त्या संध्याकाळी ते पोटभर जेवले आणि आईनं दुसऱ्या दिवशी गुळाचा शिरा केला. काल जिंकल्याचं आज आठवत नसल्यामुळे रोजचं जिंकणं नवं होतं. पुढचे कितीतरी दिवस आमच्या घरात असा आनंद होता, आणि मला त्या आनंदात बसवत नव्हतं. ते हरत होते तेव्हा मला रडू आलं नव्हतं. ते जिंकायला लागले आणि बटणं दाबता दाबता माझे डोळे भरायला लागले. दामूकाकांनी येणं बंद केलं. आईनं बोलावणं धाडलं तर बांधावरूनच म्हणाले, "वहिनी, त्याला असं जिंकताना बघवत नाय मला."

पुढे उन्हाळा लागला. पत्रा पुन्हा कडकड वाजायला लागला होता. त्या दुपारी नाना येऊन बसले, डावा बांध झाला, आमचा माणूस पार गेला. थाप आली नाही. त्यांनी पुन्हा डावा बांध दाखवला, पुन्हा पार. मी त्यांच्याकडे पाहिलं तर ते चेंडूकडे बघतच नव्हते. समोरच्या माणसांकडे बघत होते, जिथल्या तिथे उभ्या असलेल्या. भुवई वर नव्हती, पण डोळे फार दिवसांनी जुन्या नानांचे होते. तिसऱ्यांदा तेच झाल्यावर त्यांनी बोट काचेवरून काढून घेतलं.

"थांबव," ते म्हणाले. "काय झालंय याला?"

मी म्हटलं, काही नाही झालं, नाना, तुम्ही जिंकताय.

"नाय गं. याला पूर्वी कळायचं. पुन्हा गेलं की हा वाट अडवून उभा असायचा. आता तिथनंच जातोय मी, अन् तिथनंच फसतोय हा. याच्या ध्यानात राहत नाय." मग आवाज खाली आणून, कोणी ऐकू नये अशा बेतानं म्हणाले, "आजारी हाय गं गडी."

आई चहा घेऊन आली होती ती दारातच उभी राहिली. ते मशीन आहे, एवढं माझ्या तोंडून निघालं. असू दे, नाना म्हणाले, त्याला बाहेर बसव. मग त्यांनी हात पुढे करून तो कंप्युटरच्या तापलेल्या पाठीवर ठेवला, सगळा तळवा टेकवून, आणि आईकडे वळून विचारलं,

"याच्या घरच्यांना ठाऊक हाय का?"

"ठाऊक आहे," आई म्हणाली.

"मग सांगा त्यांना. हसू नका म्हणावं याला. चिडू बी नका. हरला तरी घरी घेऊन जा."

"घरीच आहे तो," आई म्हणाली. तिनं चहाचा कप नानांच्या पुढ्यात ठेवला.

मी कंप्युटर बंद केला आणि आईनं त्यावर साडीचं झाकण घातलं. नानांनी पुन्हा कधी खेळायला हाक मारली नाही. ते स्वतःबद्दल बोलत होते की खरंच त्या गड्याबद्दल, हे मी त्या वेळी ठरवू शकले नाही आणि आता माझे केस पांढरे झाले, चष्मा कुठे ठेवला ते आठवेना की सकाळपासून काय काय केलं ते मी मनात म्हणून बघते, तरी अजून ठरवता आलेलं नाही.

नाना त्यानंतर बरीच वर्षं होते. एकेक वाफा पाण्यावाचून सुकावा तशी त्यांची आठवण सुकत गेली. आधी बाजारातली माणसं गेली, मग दामूकाका, मग मी. मी त्यांच्यासमोर भाकरीचा काला घेऊन बसायची आणि ते मला अहो-जाहो करायचे, कोणाकडच्या तुम्ही म्हणून विचारायचे. शेवटी शेवटी तर आईलाही ओळखेनासे झाले. बोटांचा जो हिरवा रंग कितीही साबण लावून गेला नव्हता तो आपोआप गेला, हात लहान मुलासारखे गोरे झाले. पण एक गोष्ट राहिली होती. कशी राहिली, देव जाणे. जेवता जेवता मध्येच ते थांबायचे, घास हातात तसाच धरायचे आणि काळजीनं विचारायचे, "त्या गड्याचं कसं हाय आता?"

मी सांगायची, बरं आहे.

"घरी हाय ना?"

"घरीच आहे, नाना," मी म्हणायची, आणि मग ते तो घास खायचे.